खुलं पत्र: नंबर नको, वेळ सांगा

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक आणि रुग्ण कल्याण समितीचे सगळे सदस्य,
आमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय, जिल्हा सिंधुदुर्ग

नमस्कार.

मी खाडीपलीकडच्या वाडीत राहते, काजूच्या कारखान्यात हिशेब लिहायचं काम करते आणि दर महिन्याला वडलांना घेऊन तुमच्या ओपीडीत येते. बाबा ७६ वर्षांचे आहेत, सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरण्यात गेलं, आता शुगर आणि बीपी दोन्ही आहे. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीय कारण माझं भांडण कुठल्या एका डॉक्टरशी, सिस्टरशी किंवा खिडकीवरच्या माणसाशी नाही, आणि कोकणात बऱ्याच ठिकाणी हे असंच चालतं त्यामुळे वाचणाऱ्याला ही आपल्याच तालुक्याची गोष्ट वाटेल. पण तुम्हाला कळेल मी कुठल्या दाराबद्दल बोलतेय. त्या दारावर मागच्या महिन्यात एक कागद चिकटवला गेला, तो वाचून मी गप्प घरी गेले होते, पण त्यानंतर जे झालं त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

कागदावर लिहिलंय, रोज १०० टोकन, वाटप सकाळी ८ वाजता, टोकन संपल्यावर येणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी यावं, इमर्जन्सी सोडून. हे गर्दी कमी व्हावी म्हणून केलं असणार, मला समजतं. आधी एक-एक वाजेपर्यंत लोक येतच राहायचे, डॉक्टरांना जेवायला मिळायचं नाही, हेही मी बघितलंय. पण झालं काय, तर आता लोक ६ वाजल्यापासून दारात बसतात. बाजारपेठेत राहणारा माणूस पायात चप्पल घालून ६ ला येऊन नंबर लावून चहा प्यायला घरी जाऊ शकतो. आमच्याकडनं पहिली होडी सव्वासहाला सुटते, पलीकडे उतरून पावणेसातची एसटी, ती गावागावात थांबत आठ वाजून पाच मिनिटांनी स्टँडवर लागते, तिथनं चालत दवाखाना. म्हणजे आम्ही घरातून कितीही लवकर निघालो, अगदी पहाटे चारला उठून तयार होऊन बसलो, तरी आमचा नंबर सत्तरच्या पुढेच लागणार हे आधीच ठरलेलं आहे. रांगेत माझ्या बरीच मागे एक म्हातारी होती, तिच्या आधी दोन माणसांवर टोकन संपलं, ती म्हणाली "बाय, आज काय नंबर लागाचो नाय, उद्या येतंय." आणि खरंच परत गेली. तिचा गाव आमच्याही पुढे आहे. त्या दुसऱ्या दिवशी ती आली का, आली तर तिला टोकन मिळालं का, हे तुमच्या कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसणार, कारण जिला टोकनच मिळालं नाही ती तुमच्या लेखी आलीच नाही.

आता बाबांचं सांगते. त्या दिवशी त्यांची उपाशीपोटी शुगर तपासायची होती, तसं मागच्या वेळी केसपेपरवर लिहून दिलेलं. रात्री आठला जेवले, सकाळी फक्त पाणी. रोजच्या सवयीने शुगरची गोळी मात्र घेतली, गोळी कधी चुकवायची नाही एवढंच आम्हाला माहीत, उपाशी असताना ती घ्यायची नसते हे ना त्यांना माहीत ना मला. टोकन मिळालं ७१. लॅबवाल्यांनी सांगितलं आधी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा, मग रक्त घेऊ. म्हणजे ७० माणसं तपासून झाल्यावर आमची पाळी, मग चिठ्ठी, मग लॅबची लाईन. मी दोनदा खिडकीवर जाऊन विचारलं की वडील उपाशी आहेत, रक्त आधी घेता का, तर उत्तर आलं सगळेच उपाशी आहेत. तेही खोटं नव्हतं, बाकड्यावर बसलेल्यांत निम्मे तरी तसेच असतील.

अकरा चाळीसला बाबा घामाने भिजले. आधी मला वाटलं पंखा नाही म्हणून. मग हात थरथरायला लागले, मला ओळखल्यासारखं वाटेना, "जाळा खय ठेवलंस" असं काहीतरी बोलायला लागले, जाळ्याला हात लावून त्यांना आठ वर्षं झाली. मी ओरडले तशी एक सिस्टर धावत आली, तिने बोटातून रक्त काढून बघितलं तर शुगर ४८, म्हणजे फारच खाली. तिने लगेच ग्लुकोज पाजलं, आत नेऊन झोपवलं, डॉक्टर ओपीडी सोडून आले, दहा-पंधरा मिनिटांत बाबा शुद्धीवर आले. "माका काय झाला ताच समजाक नाय," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ माझा हात धरून होते. त्या सिस्टरचे आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, खरंच नाही. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, दवाखान्याचीच वाट बघताना, माझे वडील जायची वेळ आली होती, आणि त्याचं कारण कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, कारण होतं की उपाशी म्हाताऱ्या माणसाला किती वाजता बोलवायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

म्हणून हे पत्र. आता मुद्द्याचं बोलते.

आमच्या कारखान्यात मार्च ते मे काजू बी घ्यायचा सीझन असतो. पूर्वी सगळे शेतकरी सकाळी सात-आठलाच बी घेऊन यायचे, रिक्षा टेम्पो रस्त्यापर्यंत लागायचे, काटा एक, तोलणारे दोघे, शेवटचा माणूस संध्याकाळी सहाला मोकळा व्हायचा आणि रोज भांडणं. मालक म्हणायचे माणसं कमी पडतात. मग एका वर्षी त्यांनी वाडीप्रमाणे वेळ दिली, अमक्या गावाने नऊला यायचं, तमक्याने अकराला, लांबच्यांनी दुपारी. काटा तोच, माणसं तीच दोन, दिवसाला तोललेली पोती तेवढीच, फक्त रांग गेली. मी तेव्हा वहीत आकडे लिहायचे म्हणून मला हे डोळ्यासमोर दिसलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

तोच हिशेब तुमच्या ओपीडीचा करून बघा. समजा डॉक्टर एक, एका पेशंटला सरासरी ३ मिनिटं, टोकन १००. म्हणजे ३०० मिनिटं, ५ तास, ९ ला सुरू केलं तर दुपारी २ ला संपणार. सगळेच्या सगळे ९ ला हजर असले तर शेवटचा माणूस जवळजवळ ५ तास बसतो आणि सरासरी धरली तर माणशी अडीच तास. शंभर माणसांचे मिळून अडीचशे तास, रोज. आता त्याच शंभर जणांना वीस-वीसचे पाच गट करून ९, १०, ११, १२ आणि १ वाजता बोलवा. डॉक्टर तोच एक, मिनिटं तीच तीन, संपायची वेळही तीच दोन. पण आता कुणालाच तासाच्या वर बसावं लागत नाही, सरासरी अर्धा तास, सगळ्यांचे मिळून पन्नास तास. दोनशे तास वाचले, आणि त्यासाठी एकही पद भरावं लागलं नाही की एक रुपयाचं मशीन घ्यावं लागलं नाही. प्रत्यक्षात कुणाला दहा मिनिटं लागतात कुणाला एक, मध्येच कुणी सिरीयस येतो, त्यामुळे इतकं सरळ होणार नाही हे मलाही कळतं, पण पाच तासाचे दीड-दोन तास झाले तरी माझ्या बाबांना ते पुरले असते.

आणि हे मी पहिल्यांदा सांगतेय असंही नाही. ब्रिटनमध्ये १९५२ साली नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने आणि वेल्च नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगांचा अभ्यास करून लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात लिहिलं होतं. तिथेही तेव्हा हीच तऱ्हा, डॉक्टर एक मिनिटसुद्धा रिकामे राहू नयेत म्हणून पेशंटना भरमसाठ लवकर बोलवून ठेवायचं. त्यांनी हिशेब करून दाखवला की सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, म्हणजे पहिला उशिरा आला तरी डॉक्टर बसून राहत नाहीत, आणि पुढचे सगळे एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने बोलवा. डॉक्टरांचा वेळ फारसा फुकट जात नाही आणि पेशंटचं बसणं खूप कमी होतं. अट एकच, डॉक्टरांनी ठरल्या वेळी सुरुवात केली पाहिजे. या गोष्टीला सत्तर वर्षं होऊन गेली. याला कागद, पेन आणि घड्याळ एवढंच लागतं.

आता माझ्या तक्रारी एकेक करून लिहिते, कमी-जास्त वाटलं तर माफ करा.

पहिली आणि सगळ्यात मोठी, ती ८ वाजताच्या टोकनाची. टोकन म्हणजे नंबर, नंबर म्हणजे वेळ नव्हे. माझा नंबर ७१ आहे हे कळून मला काय उपयोग, तो साडेबाराला येणार की दोनला हे मला सांगता येत नाही, म्हणून मी उठून स्टँडवर जाऊन बाबांसाठी केळं आणू शकत नाही, कारण नंबर गेला तर? सगळ्या बाकड्यांवर हीच भीती असते. "गो बाय, माझो नंबर गेलो तर नाय मां?" हे मला एका सकाळी किती जणींनी विचारलं असेल. बायका लघवीला जायच्या थांबतात, पाणी पीत नाहीत. आणि हे टोकन लांबच्या गावांवर सरळ अन्याय करतं, ते वर लिहिलंच.

दुसरी गोष्ट, ते क्यूआर कोडचं. दारात आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, क्यूआर लावलाय, मोबाईलने स्कॅन करा आणि टोकन घ्या. चांगली सोय आहे, केसपेपरच्या खिडकीवरचं नाव-पत्ता सांगणं वाचतं, मी स्वतः वापरलंय. पण ते स्कॅन करायलाही दारातच यावं लागतं आणि मिळतो तो परत नंबरच. शिवाय आपल्या ओपीडीत येतं कोण ते बघा. पोरं मुंबईला, २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या, घरात राहिलेत ते म्हातारे आणि बायका. त्यांच्या हातात साधा बटनाचा फोन, आमच्या वाडीत तर रेंज पाहिजे तर शाळेच्या चढावर जावं लागतं. ऑनलाईन अपॉइंटमेंटसाठी केंद्र सरकारची ओआरएस म्हणून सोय २०१५ पासून आहे, मोठ्या हॉस्पिटलांना ती ठीक आहे, पण आमच्यासाठी ऑनलाईन हा एकच रस्ता ठेवू नका एवढं नक्की म्हणेन.

तिसरी, उपाशीपोटीच्या तपासणीची. ती सांगून झाली. परत लिहायचं बळ नाही.

चौथी, एकच रांग. तापाचा पेशंट, महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेला, फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे असलेला, जखमेची पट्टी बदलायला आलेला, सगळे एका बाकड्यावर, एका लाईनीत. पावसाळ्यात तर हे मला फार धोक्याचं वाटतं. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करून ताप भरला तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो हे आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला तो वेगळाच. अशा तापाला त्या दिवशीच, आल्या आल्या बघायला पाहिजे, त्याला ८४ नंबर देऊन बसवणं किंवा उद्या ये म्हणणं बरोबर नाही. इमर्जन्सी सोडून असं कागदावर आहे, पण इमर्जन्सी कुठली हे दारात कोण ठरवणार? शिपाई? आणि त्याच जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे वर्षभर दुखणं अंगावर काढलेले आमचे खलाशी तेव्हाच दवाखान्यात येतात. म्हणजे गर्दी कधी वाढणार हे कॅलेंडरवर बघून सांगता येतं. आठवडा बाजाराच्या दिवशी जास्त, गणपतीच्या दिवसांत कमी. हे तुमच्या रजिस्टरात आहे, कुणीतरी एकदा बसून बघायला हवं.

पाचवी, डॉक्टर का आले नाहीत हे कुणी सांगत नाही. मला आता माहीत झालंय की त्याच डॉक्टरांना पोस्टमॉर्टेम करावं लागतं, कोर्टात साक्षीला जावं लागतं, रात्री डिलिव्हरी असेल तर ते झोपलेलेही नसतात. ते सांगा ना आम्हाला! दारात एक फळा ठेवा आणि खडूने लिहा, "डॉक्टर पोस्टमॉर्टेमला आहेत, ओपीडी साडेदहाला सुरू होईल." माणसं समजूतदार आहेत, ती रागावतात ती न सांगितल्यामुळे.

सहावी, एकदा डॉक्टरांकडे जाऊन भागत नाही. केसपेपरची रांग, मग डॉक्टर, मग लॅब, मग रिपोर्ट घेऊन परत डॉक्टर, मग औषधाची खिडकी. पाच वेळा रांग. औषधाच्या खिडकीवर सगळे एकदम साडेबाराला पोचतात कारण आतून सगळे एकदम सुटतात, आणि दीडची एसटी निघून जाते. ती चुकली तर पुढची पाचची, आणि पाचची म्हणजे शेवटची होडी मिळेल की नाही याचा घोर.

सातवी, मागच्या दाराने जाणारे. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. कुणाचा फोन आला, कुणी ओळखीचा, कुणी औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन. बाहेर ८० माणसं बसलेली असताना दार उघडून आत कोण गेलं हे ८० माणसं बघत असतात.

पंखे, पाणी, बायकांच्या संडासची कडी, हेही आहे, पण आज त्यात शिरत नाही.

मला माहीत आहे यावर पहिलं उत्तर काय येईल. लोक वेळ पाळत नाहीत. साहेब, ज्या माणसाने पन्नास वर्षं भरती-सुकती बघून रापण ओढली त्याला वेळ पाळता येत नाही असं कसं म्हणायचं? माशांचा लिलाव ठरल्या वेळी होतो, उशिरा आलेल्याची टोपली पडून राहते. एसटीला आम्ही दहा मिनिटं आधी उभे असतो. आम्हाला कुणी आजपर्यंत वेळ दिलीच नाही, मग पाळली की नाही हे कळणार कसं? हां, कधी एसटी बंद पडेल, होडी वाऱ्यामुळे सुटणार नाही, म्हणून मी मिनिटांची अपॉइंटमेंट मागत नाहीय, तासाची मागतेय. दहा ते अकरामध्ये या, एवढं बास आहे.

दुसरं उत्तर येईल की डॉक्टरच कमी आहेत, पदं रिकामी आहेत. खरं आहे, ती भरली पाहिजेत, अर्धा जिल्हा कशासाठी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला धावतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण डॉक्टर एक असेल तर त्याच्यासमोर शंभर माणसं एकदम उभी करणं हे तर त्या डॉक्टरलाही वाईट. बाहेर आरडाओरडा चालू असताना आत तीन मिनिटांत माणूस तपासायचा, मला त्यांचीही दया येते.

आणि कृपा करून सगळं फुकट आहे ना, मग थोडं बसायला काय झालं, असं कुणी म्हणू नका. मला हे एकदा तोंडावर ऐकवलं गेलंय. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे बंद झाले, ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट, आम्हा बायकांना अर्धं तिकीट, या सगळ्याचा आम्हाला आधार आहे, त्याची जाण आहे. पण माझ्या कारखान्यातल्या बायका काजू सोलतात किलोवर, दिवस बुडला की त्या दिवसाचे पैसे शून्य. सासूला दवाखान्यात आणायचं म्हणजे एक पूर्ण दिवस, आणि टोकन नाही मिळालं तर दोन. म्हणून मग गोळ्या संपल्या तरी पंधरा-पंधरा दिवस कुणी येत नाही, बीपी वाढत राहतं, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडल्यावरच गाडी करून आणतात. आमच्या वाडीत अशी दोन माणसं आहेत. दोघांच्याही घरात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

तर मागण्या अशा. मी घरी बसून, शेजारच्या काकींशी आणि आमच्या आशाताईंशी बोलून लिहिल्यात.

८ वाजताचं टोकन आणि १०० ची मर्यादा, दोन्ही मागे घ्या. तो कागद काढा.

दर महिन्याला येणाऱ्या शुगर-बीपीच्या पेशंटना पुढची तारीख तुम्ही केसपेपरवर लिहिताच, त्या तारखेपुढे तास लिहा. "१४ तारीख, १० ते ११." एवढंच. औषधाच्या खिडकीवर एक वही ठेवा, प्रत्येक तासाला चौदा नावं झाली की पुढचा तास. उरलेल्या सहा जागा त्या दिवशी अचानक येणाऱ्यांसाठी मोकळ्या. चौदा-सहा हे माझं अंदाजाचं गणित आहे, तुमच्या रजिस्टरावरून तुम्ही ते बरोबर करू शकता, पावसाळ्यात मोकळ्या जागा वाढवाव्या लागतील.

तास देताना गाव विचारा आणि एसटी बघा. खाडीपलीकडच्यांना आणि लांबच्यांना १० ते १२ द्या, म्हणजे सकाळच्या गाडीने येऊन दीडच्या गाडीने परत जाता येईल. पेठेतल्या लोकांना ९ चा नाहीतर १२ च्या नंतरचा तास द्या, त्यांना घर जवळ आहे. आगारप्रमुखांकडे वेळापत्रक मिळेल, नाहीतर मी लिहून आणून देते.

उपाशीपोटी ज्यांचं रक्त घ्यायचं आहे त्यांची चिठ्ठी मागच्या भेटीतच करून द्या, आणि ते आले की डॉक्टरांची वाट न बघता थेट रक्त घ्या, आम्ही सव्वाआठला पोचलो तर सव्वाआठला. म्हणजे ते नऊपर्यंत काहीतरी खाऊ शकतील आणि डॉक्टरांसमोर जाताना रिपोर्टही हातात असेल, एक रांग आपोआप गेली. आणि त्या चिठ्ठीवर ठळक लिहा की त्या सकाळची शुगरची गोळी घ्यायची की नाही, कधी घ्यायची, तुम्ही डॉक्टर मंडळी जे ठरवाल ते. सिस्टरने तोंडी पण सांगा, सगळ्यांना वाचता येत नाही.

दारात एका सिस्टरला बसवा जी ताप, धाप, छातीत दुखणं, लहान मूल, गरोदर बाई बघून लगेच आत पाठवेल. हे काम शिपायाचं नाही.

ज्यांचं शुगर-बीपी आटोक्यात आहे आणि डॉक्टरांना योग्य वाटतं, त्यांना महिन्याच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात, आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे द्या. डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी. ब्लड प्रेशरच्या देशभरच्या कार्यक्रमात पहिल्या टप्प्याला जे २५ जिल्हे निवडले त्यात आपला सिंधुदुर्ग होता, आणि औषध घराजवळ मिळालं पाहिजे, सिस्टर आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी ते सांभाळलं पाहिजे हाच त्यातला विचार होता. आमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी ताई आहेत, चांगल्या आहेत, त्यांच्याकडे बीपी बघायचं मशीन आहे, पण गोळ्या कधी असतात कधी नसतात. त्या पोचल्या तरी तुमच्या बाकड्यावरची बरीच माणसं कमी होतील.

फळा आणि खडू. हे उद्यापासून करता येईल.

आणि एक फोन नंबर, ज्यावर कुणीतरी खरंच फोन उचलेल. आम्हाला यायला जमणार नसेल तर कळवू, तुम्ही तो तास दुसऱ्याला देऊ शकाल, आणि डॉक्टर रजेवर असतील तर आम्हाला होडीत बसायच्या आधी कळेल. आशाताईंना सकाळी एक मेसेज आला तरी त्या वाडीत सांगतात.

हे सगळं एकदम जमणार नसेल तर आठवड्यातला एकच वार घ्या, शुगर-बीपीच्या पेशंटचा, आणि एक महिना करून बघा. माणूस किती वाजता आला आणि किती वाजता बाहेर पडला एवढं दोन रकान्यांत लिहा, महिन्याने तो कागद त्याच दारावर लावा जिथे टोकनचा कागद होता. लिहायला माणूस नसेल तर त्या वाराला मी सुट्टी टाकून येईन, कॉलेजची एनएसएसची दोन मुलंही यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना एक वेगळी विनंती. तुमच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवा आणि काय ठरलं ते, हो किंवा नाही, लेखी कळवा. नाही म्हणालात तर का ते पण लिहा, मी राग धरणार नाही. आणि बैठकीच्या आधी तुमच्यापैकी दोघांनी तरी एकदा पावणेसातच्या एसटीने येऊन, साध्या माणसासारखं, शेवटच्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत बसून बघा.

बाबांची पुढची तारीख २२ आहे. केसपेपर माझ्यासमोर आहे, तारखेच्या पुढे जागा रिकामी आहे. बाबा म्हणतायत ते येणार नाहीत, परत त्या बाकड्यावर बसायचं त्यांना भय वाटतं, वादळात समुद्रावर न घाबरलेला माणूस हे बोलतोय. मी त्यांना सांगितलंय की मी पत्र लिहिलंय, आणि यावेळी वेळ मिळेल. २० तारखेपर्यंत मला कळवा, आम्ही किती वाजता यायचं.

आपली,
खाडीपलीकडच्या एका रापणकराची मुलगी